यावर काय चालते? जुन्या घरगुती संगणकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुना संगणक विकायला काढला की घेणारा आधी विचारतो, स्पीड किती, रॅम किती. उत्तरे आकड्यांत देता येतात, भाव ठरतो, यंत्र घरी जाते. खरी विचारपूस दुसऱ्या दिवशी सुरू होते. बँकेचे पान उघडेल का, मुलीच्या शाळेचा कार्यक्रम चालेल का, आधीच्या फायली वाचता येतील का, घरातला प्रिंटर याला ओळख दाखवेल का? या प्रश्नांना मेगाहर्ट्‌झमध्ये उत्तर नसते. संगणक-इतिहासाच्या ज्या शाखेत मी वाचकांना बोलावतो आहे, ती या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. घरगुती संगणक म्हातारा कधी होतो? प्रोसेसर मागे पडतो तेव्हा, की त्याच्यासाठी कोणी प्रोग्रॅम लिहिनासे होते तेव्हा? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे आणि ही प्रस्तावना त्याच बाजूची वकिली करणार, हे आधीच सांगून टाकतो. विरुद्ध पक्षाकडे एक भक्कम पुरावा आहे. तोही वाटेत येईल.

दार म्हणून मी रेगेन्सबर्ग निवडले आहे. डॅन्यूबच्या काठचे हे बव्हेरियन शहर पर्यटकाला माहीत असते ते बाराव्या शतकातल्या दगडी पुलामुळे आणि २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या जुन्या वस्तीमुळे. संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा निघत नाही. जर्मनीपुरते बोलायचे तर कमोडोरच्या कारखान्याचे ब्राउनश्वाइग आठवते, फार तर म्युनिक. पण १९८० च्या दशकात सिमेन्सने रेगेन्सबर्गला मेमरी चिपचा मोठा कारखाना उभारला आणि तोशिबाकडून घेतलेल्या परवान्यावर तिथे १ मेगाबिटची चिप बनू लागली. सिमेन्सने १९९९ मध्ये चिपचा धंदा वेगळा काढला, तेव्हापासून तो कारखाना इन्फिनिऑनचा आहे. पुढे तोशिबाचे लॅपटॉपही याच शहरात तयार झाले. म्हणजे घरगुती संगणकाला लागणारी मेमरी आणि पुढे प्रत्यक्ष संगणक, दोन्ही इथून बाहेर पडले.

याच गावात १५ नोव्हेंबर १६३० रोजी योहानेस केपलर वारला. थकलेला पगार वसूल करण्याच्या खटपटीत तो इथे आला आणि तापाने गेला. ट्यूबिंगेनच्या विल्हेल्म शिकार्डने १६२३ मध्ये त्याला आकडेमोड करणाऱ्या यंत्राची बातमी पत्राने कळवली होती. केपलरसाठी घडवायला दिलेला नमुना पुढच्या वर्षी आगीत जळाला. केपलरचे ग्रहगणित त्यावाचून अडले नाही. तो तोवर लॉगरिथमच्या तक्त्यांकडे वळला होता, आणि १६२७ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रहतक्त्यांच्या भरवशावर १६३१ मध्ये बुधाचे सूर्यबिंबावरचे अधिक्रमण प्रत्यक्ष पाहिले गेले. धागा थोडा ताणून जोडला आहे, मान्य. तरी यंत्राआधी तक्ता, म्हणजे वेगाआधी तयार सामग्री, ही क्रमवारी आमच्या विषयात पुन्हा पुन्हा भेटते म्हणून तो इथे ठेवला.

आता त्या १ मेगाबिटच्या चिपकडे. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची ६४ किलोबाइट मेमरी ६४ किलोबिटच्या आठ चिपांनी भरत असे. १ मेगाबिटच्या चिपा आल्यावर हिशेबाने चारच चिपांत ५१२ किलोबाइट मावू लागले, म्हणजे कमोडोरच्याच ॲमिगा ५०० ची कारखान्यातून येणारी सगळी मेमरी. प्रोसेसरचा ठोका यात कुठेच बदलत नाही, बदलते ती प्रोग्रॅमला मिळणारी जागा. ॲमिगावर बरेच खेळ नि साधने '१ एमबी लागेल' अशी अट घालू लागली तेव्हा लोकांनी पोटातल्या खणात ५१२ किलोबाइटचे जादा कार्ड बसवले आणि तेच यंत्र आणखी काही वर्षे चालवले. ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारा मोटोरोला ६८००० होता तिथेच राहिला.  वापरणाऱ्यांची अडचण बहुधा वेगात नव्हे, मेमरीत असे.

तोशिबाच्या लॅपटॉपची गोष्ट मला या क्षेत्रातली सर्वांत बोलकी वाटते. १९८५ मध्ये तोशिबाने टी११०० हे यंत्र आधी युरोपात विकायला आणले. आयबीएम पीसीशी सुसंगत, वजन चार किलोच्या घरात, २५६ किलोबाइट मेमरी, हार्ड डिस्क नाही, आणि ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०सी८८ प्रोसेसर. हा वेग १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीचाच. मधल्या काळात, १९८४ मध्ये, आयबीएमने ८०२८६ वर चालणारा पीसी एटी काढला होता. वेगाच्या शर्यतीत टी११०० जन्मतःच चार वर्षांनी मागे होता, आणि त्यावरून त्याचे फारसे अडले नाही.

अडले ते फ्लॉपीवर. यंत्र सुटसुटीत व्हावे म्हणून त्यात साडेतीन इंची फ्लॉपी बसवली होती, आणि पीसीचे सगळे नावाजलेले प्रोग्रॅम त्या वेळी सव्वापाच इंची फ्लॉपीवर विकले जात. प्रोसेसर तोच, ऑपरेटिंग सिस्टिम तीच, प्रोग्रॅमची आज्ञा न आज्ञा या यंत्रावर चालली असती. फक्त ती यंत्राच्या तोंडात जात नव्हती. तोशिबाच्या युरोपातल्या विक्रीची जबाबदारी असलेले अत्सुतोशी निशिदा (ते पुढे २००५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले) सॉफ्टवेअर कंपन्यांची मनधरणी करत फिरले: लोटस १-२-३ सारखे प्रोग्रॅम साडेतीन इंचीवरही काढा. विकले न गेलेल्या यंत्रासाठी कोणी वेगळी आवृत्ती का काढावी, आणि प्रोग्रॅम नसलेले यंत्र कोणी का घ्यावे? हा पेच प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. तो वाटाघाटींनी सुटला आणि टी११०० चालले. त्याच्या चौकटीवर उभ्या राहिलेल्या धंद्यातले पुढचे लॅपटॉप रेगेन्सबर्गमध्ये बनू लागले, ती गोष्ट नंतरची. या क्षेत्रात 'उपलब्धता' म्हणताना तिचे असे अनेक थर ध्यानात ठेवावे लागतात. प्रोग्रॅम लिहिलेला असतो, यंत्राला चालणारा असतो, आणि तरीही तुमच्या खणात बसणाऱ्या माध्यमावर नसतो.

वेगाच्या आकड्यांबद्दलही थोडे सावध करायला हवे, कारण नवा अभ्यासक इथे हमखास घसरतो. युरोपातल्या कमोडोर ६४ चा ठोका ०.९८५ मेगाहर्ट्‌झ आणि झेडएक्स स्पेक्ट्रमचा ३.५. यावरून स्पेक्ट्रम साडेतीन पट वेगवान ठरत नाही. कमोडोरमधला ६५१० आपली सर्वांत साधी आज्ञा दोन ठोक्यांत उरकतो, स्पेक्ट्रमच्या झेड८० ला निदान चार लागतात. उलट बाजूने, कमोडोरची चित्र काढणारी चिप पडद्याच्या दर आठव्या ओळीला ६३ पैकी चाळीसेक ठोके प्रोसेसरच्या हातून काढून घेते. पण त्याच चिपमुळे हलणारी चित्रे फुकटात मिळतात, जी स्पेक्ट्रमला प्रोसेसर झिजवून काढावी लागतात. आणि १५४१ हा कमोडोरचा फ्लॉपी ड्राइव्ह तर स्वतःच एक संगणक होता, त्याच्या पोटात १ मेगाहर्ट्‌झचा स्वतंत्र ६५०२ होता. दोन्ही टोकांना प्रोसेसर असूनही एक खेळ चढवायला चहा पिऊन यावे इतका वेळ जाई, कारण दोघांमधली बोलणी करणारा अंगभूत प्रोग्रॅमच संथ होता. मग हौशी मंडळींनी ती बोलणी नव्याने लिहिली. त्याच तारेवर, त्याच चिपांवर लोडिंग कित्येक पटींनी जलद झाले. वेग म्हणून आपण जे मोजतो त्यातला मोठा वाटा असा प्रोग्रॅमने दिलेला किंवा खाल्लेला असतो.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए हा १९८१ चा संगणक याचा कडू नमुना आहे. घरगुती यंत्रे ८ बिटांवर असताना त्यात १६ बिटांचा, ३ मेगाहर्ट्‌झचा टीएमएस९९०० होता. कागदावर त्याला तोड नव्हती. प्रत्यक्षात प्रोसेसरला थेट हाताशी असलेली मेमरी अवघी २५६ बाइट. बाकीची १६ किलोबाइट चित्राच्या चिपमागे होती आणि तिच्याकडे त्या चिपच्या खिडकीतूनच जावे लागे. बेसिक भाषा आणखी एका मधल्या भाषेतून उलगडली जाई, त्यामुळे ती रखडत चाले. एवढे होऊनही ते यंत्र तरले असते, असे मला वाटते. बाहेरच्या प्रोग्रॅमरांना दारातच अडवणे त्याला जास्त भोवले. कंपनीला खेळांच्या काडतुसांतला (कार्ट्रिजांतला) नफा स्वतःकडे ठेवायचा होता. यंत्राची आतली माहिती हातची राखून दिली गेली आणि १९८३ च्या नव्या आवृत्तीत तर इतरांची साधी रॉम काडतुसे चालूच नयेत अशी व्यवस्था केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने घरगुती संगणकांतून अंग काढून घेतले. कमोडोरशी चाललेले किमतीचे युद्ध हे त्यामागचे मोठे कारण होते, हे खरे. पण शंभर डॉलरला १६ बिटांचे यंत्र मिळत असूनही लोक कमोडोरकडे का वळले, याचे उत्तर दुकानातल्या प्रोग्रॅमच्या फळीकडे पाहून मिळते.

कमोडोरनेही पुढे तोच धडा उलट्या दिशेने गिरवला. १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये दुप्पट वेगाचा ८५०२, ऐंशी रकान्यांचा पडदा, सीपी/एम या कार्यप्रणालीसाठी वेगळा झेड८० आणि शिवाय जुन्या ६४ शी पूर्ण सुसंगती, असा भरगच्च संसार होता. २ मेगाहर्ट्‌झवर गेले की चाळीस रकान्यांचे चित्र दिसेनासे होई, ही मेख वेगळी. सुसंगती इतकी चोख होती की प्रोग्रॅमरांना १२८ साठी वेगळे लिहिण्याचे कारणच उरले नाही. ६४ साठी लिहिले की दोन्ही घरांत विकले जाई. त्यामुळे असंख्य १२८ आयुष्यभर ६४ बनून राहिले, दुसरा प्रोसेसर पोटात निजलेला. म्हणजे भरपूर सॉफ्टवेअर मिळणे हेही नव्या वेगाच्या मुळावर येऊ शकते. हा मुद्दा प्रस्थापित इतिहासांत फार पुसट येतो.

या धड्याचा शेवटचा अंक १९९० च्या दशकातला. अमेरिकेतल्या क्रिएटिव्ह मायक्रो डिझाइन्सने सुपरसीपीयू नावाचे कार्ड काढले: कमोडोर ६४ ला २० मेगाहर्ट्‌झचा ६५सी८१६, एका दमात वीसपट ठोका. जिओस ही खिडक्यांची कार्यप्रणाली त्यावर खरोखर पळू लागली. पण केवळ या कार्डासाठी लिहिलेले प्रोग्रॅम बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्यांतला गाजलेला खेळ, मेटल डस्ट, जर्मनीतल्या प्रोटोव्हिजन या हौशी मंडळींनी काढला, तोही २००५ मध्ये. कार्ड थोड्यांकडे होते म्हणून प्रोग्रॅम नव्हते, आणि प्रोग्रॅम नव्हते म्हणून कार्ड थोड्यांकडे राहिले. निशिदांनी जो पेच फोडला तो इथे कोणी फोडला नाही.

उलट ज्यांना वेग नकोच होता त्यांनी कमोडोर ६४ ला चाळीस वर्षे जिवंत ठेवले. म्युनिकजवळच्या हार गावातून मार्क्ट उंड टेक्निक या प्रकाशनाचे '६४'र' मासिक १९८४ पासून निघू लागले. त्यात पानेच्या पाने प्रोग्रॅम छापलेले असत आणि वाचक ते आकडे रात्र जागून टाइप करत. टाइप करताना चूक झाली तर ओळीगणिक पकडणारा छोटा प्रोग्रॅमही मासिकच देई. बव्हेरियातल्या घराघरांत सॉफ्टवेअर पोचण्याचा हा एक रस्ता होता, आणि तो बाजारपेठेच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. याच संस्कारातून डेमोसीन उभे राहिले: ठरलेल्या यंत्राकडून, ठरलेल्या ठोक्यांत, अशक्य वाटणारे चित्र नि संगीत काढून दाखवायचे. प्रत्येकाचे यंत्र ठोक्यागणिक सारखे असते म्हणूनच ही स्पर्धा होऊ शकते. कोणी वेगवान कार्ड आणले तर ती मोडते. जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली. अटारी एसटीचे आयुष्य असेच एका वेगळ्या गोटाने वाढवले. ८ मेगाहर्ट्‌झच्या या १९८५ च्या यंत्राला वाद्ये जोडायची मिडीची भोके जन्मजात होती. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ मध्ये त्यावर क्यूबेस हा संगीताचा प्रोग्रॅम आणला, सी-लॅबचे नोटेटर त्याच सुमाराचे. संगीतकारांच्या खोल्यांत एसटी त्यानंतरही वर्षानुवर्षे टिकून राहिले. वेगवान पीसी शेजारी आले, पण तालाची अचूक वेळ पाळणारा, हाताला सवय झालेला प्रोग्रॅम जुन्याच यंत्रावर होता.

आता विरुद्ध पक्षाचा पुरावा. ब्राउझर नावाच्या प्रोग्रॅमने गेल्या वीस वर्षांत हा सगळा युक्तिवाद अडचणीत आणला. जुन्या यंत्रावर चालणारा ब्राउझर मिळतो, पण साधी बातमी वाचायला गेले तरी पानासोबत उतरणारा प्रोग्रॅमचा लोंढा त्याला पेलत नाही. इथे सॉफ्टवेअर उपलब्ध असते आणि वेगच कमी पडतो. दुसरी बाब आमच्या क्षेत्राच्या पोटापाण्याचीच. जुने प्रोग्रॅम आज आपण पाहू शकतो ते एम्युलेटरमुळे, आणि एम्युलेटर चालतात ते नव्या प्रोसेसरांच्या अफाट वेगामुळे. १ मेगाहर्ट्‌झच्या यंत्राचे ठोक्यागणिक सोंग वठवायला शेकडो पट दमाचे यंत्र लागते. ॲमिगाचा यूएई हा एम्युलेटर १९९० च्या दशकाच्या मध्यावर निघाला तेव्हा तो फार संथ होता, आणि अगदी आरंभी तर त्यावर ॲमिगा सुरूच होत नसे, म्हणून थट्टेने त्याला 'निरुपयोगी ॲमिगा एम्युलेटर' म्हणत. पुढच्या काळात तो सुधारला आणि त्याखालची यंत्रेही जलद होत गेली. वेगाने जुन्या यंत्रांना मारले तसे त्यांच्या प्रोग्रॅमांना जगवलेही. माझा पक्ष इथे थोडा लंगडतो. आकडे घेऊन भांडणाऱ्या अभ्यासकांना इथे भरपूर वाव आहे.

तरीही अलीकडची दोन उदाहरणे मला पुन्हा जुन्या बाकावर आणून बसवतात. ॲपलचा पॉवर मॅक जी५ क्वाड ऑक्टोबर २००५ मध्ये आला: २.५ गिगाहर्ट्‌झचे चार गाभे, थंड ठेवायला आत द्रव. कंपनीने त्याआधीच, जूनमध्ये, आपण इंटेलकडे वळणार असे जाहीर केले होते. ऑगस्ट २००९ मधली मॅक ओएस एक्सची १०.६ ही आवृत्ती जी५ ज्या घराण्यातला त्या पॉवरपीसी प्रोसेसरांवर चालेनाशी झाली. चार वर्षांपूर्वीचे सर्वांत दांडगे मॅक दम शाबूत असताना वारसाहक्कातून बाद झाले. पुढे टेनफोरफॉक्स या ब्राउझरने फायरफॉक्सचा गाभा या यंत्रांवर २०२१ पर्यंत चालता ठेवला, आणि तो मुख्यतः एका प्रोग्रॅमरच्या चिकाटीवर उभा होता. दुसरे उदाहरण आजच्या घरांतले. विंडोज ११ च्या मान्य यादीत २०१७ चा कोअर आय७-७७००के नाही, ज्याचा मूळ ठोका ४.२ गिगाहर्ट्‌झ आहे. १.१ गिगाहर्ट्‌झचा सेलेरॉन एन४०२० मात्र आहे. पिढी, सुरक्षा चिप आणि कंपनीचे धोरण यांनी ही रेघ ओढली आहे, वेगाने नव्हे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जादा वर्षाची सुरक्षा-दुरुस्ती युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती ग्राहकांना विनामूल्य देण्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. म्हणजे तोच प्रोसेसर, तेच यंत्र, पण त्याचे उरलेले आयुष्य ते रेगेन्सबर्गमध्ये आहे की नागपुरात यावरही ठरू लागले. जर्मनीच्या 'ब्लू एंजल' या पर्यावरणचिन्हाने प्रोग्रॅमांसाठी जी अट ठेवली आहे तिच्यात निदान पाच वर्षे जुन्या यंत्रावर चालणे बसते. केडीईचा ओक्युलर हा कागदपत्रे वाचण्याचा प्रोग्रॅम २०२२ मध्ये ते चिन्ह मिळवणारा पहिला ठरला. यंत्राच्या म्हातारपणाची जबाबदारी प्रोग्रॅमवर टाकणारे हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते, जरी त्याचा बोलबाला अजून फार झालेला नाही.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे यंत्राच्या वेगापेक्षा आपली लिपी त्यावर चालते का, हा प्रश्न कितीतरी मोठा होता. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरला सुरू केलेल्या कामातून निघालेले जिस्ट कार्ड पुण्याच्या सी-डॅकने १९८० च्या दशकाअखेरीपासून पुढे आणले. पीसीत ते खोचले की डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले तयार प्रोग्रॅमही देवनागरीत अक्षरे घेऊ-दाखवू लागत. नवे प्रोग्रॅम लिहिण्याची वाट न पाहता असलेलेच आपल्या भाषेत 'उपलब्ध' करण्याची ही युक्ती निशिदांच्या खटपटीइतकीच अभ्यासण्यासारखी आहे. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पेजमेकर या जोडीने मराठी डीटीपीचा संसार चालवला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, पण जिल्ह्याच्या गावांतल्या डीटीपीच्या दुकानांत तिच्यासाठी राखून ठेवलेला एक्सपीचा संगणक त्यानंतरही कितीतरी वर्षे दिसत असे. नव्या यंत्राला परवान्याचा डोंगल लावायचे पॅरलल पोर्ट नसते, जुन्या टंकांत साठवलेली लग्नपत्रिकांची नि दिवाळी अंकांची पाने युनिकोडमध्ये धड उतरत नाहीत. म्हणून खर्डेघाशीचा सगळा भार त्या संथ यंत्रावरच. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि र. कृ. जोशींनी आखलेला मंगल हा टंक विंडोजसोबत घरोघर पोचला. त्या वेळच्या एकाच पेंटियमवर ९८ असेल तर मराठी म्हणजे टंकांची कसरत, आणि २००० असेल तर थेट लिपी. ठोका दोन्हीकडे तोच.

या इतिहासातली बरीच पाने अजून लिहायची आहेत. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोचले. महाराष्ट्रातल्या शाळांत त्यांवर नेमके कोणते प्रोग्रॅम चालले, मराठी माध्यमातल्या शिक्षकांनी स्वतः काही लिहिले का, त्या फ्लॉप्या कुठल्या कपाटात आहेत, हा एखाद्या तरुण अभ्यासकासाठी तयार विषय आहे. डीटीपीच्या दुकानदारांच्या मुलाखती हा दुसरा. रेगेन्सबर्ग, म्युनिक किंवा श्टुटगार्टमध्ये नोकरीला असलेल्या मराठी वाचकांनी एखाद्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एक फेरी मारली तर ६४'र चे अंक आणि कमोडोरच्या पेट्या अजून दिसतील. यंत्रापेक्षा फ्लॉप्यांची पेटी आधी उचलावी, पट्टीवर हाताने लिहिलेली नावे पुसू नयेत.

हातात जुने यंत्र असेल तर सुरुवात वीज न लावता करावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अनेक मदरबोर्डांवर आणि ॲमिगाच्या काही मेमरी कार्डांवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डकवलेली असते. ती गळून तांब्याच्या रेघा खाते, म्हणून झाकण उघडून ती आधी काढावी. मग फ्लॉपी किंवा हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढावी, मूळ माध्यमावर काहीही लिहू नये. ती प्रत एम्युलेटरमध्ये (कमोडोरसाठी व्हाइससारख्या) चालवून पाहावी आणि प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती, भाषा, त्याला लागणारी मेमरी, डोंगल, प्रिंटर अशी नोंद करावी. प्रोसेसरचा वेग त्या वहीत शेवटच्या रकान्यात लिहिला तरी चालेल. तो अनेकदा चिपवरच छापलेला असतो, बाकीचे रकाने भरायला मात्र ते यंत्र वापरलेल्या माणसाला शोधून काढावे लागते.